हवा, पाणी, अन्न आणि वाफसा

परिसर अभ्यासाच्या चाचणीत एक प्रश्न हमखास येतो. ‘वनस्पतींना वाढण्यासाठी ....., ..... आणि ..... यांची गरज असते.’ तीन रिकाम्या जागा आणि ठरलेली तीन उत्तरे : हवा, पाणी, सूर्यप्रकाश. अकोल्यातले पोर त्या भरते, पुण्यातलेही भरते आणि दोघांनाही पैकीच्या पैकी गुण पडतात. मग पोर घरी येते. स्वयंपाकघरात आजीने भिजवलेली मटकी फडक्यात गच्च बांधून डब्यात ठेवलेली असते. तिला ऊन नाही, माती नाही. तरी दुसऱ्या दिवशी गाठ सोडावी तर पांढरेशुभ्र मोड वर आलेले. आता पुस्तक खरे की मटकी?

दोन्ही खरी. बी आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघते. ती संपेपर्यंत तिला ओल, हवा आणि ऊब पुरते. उन्हाची गरज नंतर, पान फुटल्यावर सुरू होते. म्हणजे ‘काय लागते’ या प्रश्नाला ‘केव्हा’ची जोड दिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. ‘किती’ आणि ‘कसले’ हे आणखी दोन प्रश्न त्याच्या मागोमाग येतात. लहान मुलांना सजीवांच्या गरजा शिकवताना हे तीन प्रश्न बहुतेक ठिकाणी गळून पडतात. अमरावती-अकोल्याच्या शिवारात मात्र सारी शेती या तीन प्रश्नांवरच चालते.

मुलांना निसर्गाच्या सहवासात शिकवावे, हा विचार विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम आकाराला आली. हाताने काम करता करता शिकायचे, हा तिचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत कापूस हा केवळ धडा नव्हता. तो पेरण्याचा, वेचण्याचा आणि कातण्याचा विषय होता. त्याआधी, 1926 मध्ये, ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्या साथीने नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता. ताराबाईंचे पती अमरावतीचे वकील. लग्नानंतरची काही वर्षे त्या अमरावतीतच राहिल्या होत्या. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तिथेच वर्ग भरवायचा, हा त्यावरचा तोडगा. जनावराला काय लागते हे त्या मुलांना शिकवावे लागत नव्हते. त्यांच्याजवळ होते ते शब्दांत, आकड्यांत आणि कारणांत मांडायचे एवढेच काम शिक्षकाला उरत होते.

ताराबाईंनी अंगणातच शाळा भरवली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातली धारणी होती.

सातपुड्याच्या पलीकडे, होशंगाबाद जिल्ह्यात, 1972 मध्ये आणखी एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे मित्र मंडळ यांनी 16 सरकारी शाळांत प्रयोग करून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुले शेतात हिंडत, पाने-बिया गोळा करत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. मध्य प्रदेश सरकारने 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद केला, पण सरकारी शाळेतला साधा शिक्षकही असे शिकवू शकतो, हे तीस वर्षांत दिसून आले होते.

आजच्या पाठ्यपुस्तकाला नावे ठेवण्यात फारसा अर्थ नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासात अवतीभवतीची ओळख आहे, प्राण्यांचे प्रकार आहेत, त्यांचे निवारे आहेत. पाण्याची, हवेची आणि अन्नाची गरज यांना स्वतंत्र पाठ आहेत. चौथीत प्राण्यांचा जीवनक्रम आणि सजीवांचे परस्परांशी नाते येते. ही मांडणी नीटच आहे. अडचण दुसरीकडे आहे. बालभारतीचे हेच पाठ गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, कोकणच्या किनाऱ्यावर आणि अकोटच्या खारपाणपट्ट्यात वाचले जातात. त्यांत वऱ्हाडाचे पाणी आणि वऱ्हाडाची माती शिक्षकानेच भरायची असते. चाचणी ती भरू देत नाही, कारण चाचणीला एकच उत्तर हवे असते.

मुलांच्या डोक्यात आधीपासून काय असते, यावरही बरेच संशोधन झाले आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच दाखवले, की जे हलते ते जिवंत, असे लहान मुले धरून चालतात. म्हणून सूर्य जिवंत, वाहते पाणी जिवंत आणि झाड मात्र नाही. झाड जागचे हलत नाही, खाताना दिसत नाही, ओरडत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी सजीव-निर्जीव आणि वनस्पती यांविषयीच्या विद्यार्थ्यांच्या कल्पनांचा 1996 मध्ये स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या चुका गोळा करून हसण्यासाठी तो नव्हता. त्या चुकांमागचा तर्क समजून घ्यावा आणि शिकवणे तिथून सुरू करावे, हा त्याचा हेतू.

जपानमधल्या कायोको इनागाकी यांचा 1990 चा अभ्यास वऱ्हाडातल्या शिक्षकाच्या अधिक कामाचा आहे. घरी सोनमासा पाळलेली पाच वर्षांची मुले आणि न पाळलेली मुले यांची त्यांनी तुलना केली. बेडकाचे पिल्लू कायम एवढेच ठेवता येईल का, असे विचारल्यावर मासा पाळलेली मुले आपल्या माशावरून अंदाज बांधत : मासा मोठा होतो, तर बेडूकही होणार. एका जिवाची रोजची देखभाल दुसऱ्या जिवाबद्दल विचार करायला शिकवते. वऱ्हाडाच्या खेड्यात सोनमाशाची गरज नाही. दारात बकरीचे पिल्लू असते, कोठ्यात कालवड असते. तिला कुटार किती, ढेप किती आणि पाणी दिवसातून कितीदा, हे घरातले आठ वर्षांचे पोर सांगू शकते. वर्गात मात्र तिची गोष्ट कोणी काढत नाही. तिथे ‘गाय गवत खाते’ या तीन शब्दांत काम भागते.

आता मातीकडे येऊ. वऱ्हाडाची काळी कसदार जमीन पाणी धरून ठेवते. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. या जमिनीत पेरणी केव्हा करायची, याचे उत्तर एका शब्दात आहे : वाफसा. काही गावांत त्याला वापसा म्हणतात. जोराचा पाऊस झाला की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरतात आणि मुळांना हवा मिळत नाही. पाणी निचरून त्या पोकळ्यांत ओल आणि हवा दोन्ही नांदू लागली, की जमीन वाफशावर आली. शेतकरी मूठभर माती घेतो, दाबून तिचा लाडू करतो आणि खाली सोडतो. लाडू फुटला तर तिफण जुंपायची. तो चिकटून राहिला तर आणखी थांबायचे.

पुस्तक ‘हवा’ आणि ‘पाणी’ अशा दोन वेगळ्या रिकाम्या जागा ठेवते. वाफसा हा एकच शब्द त्या दोन्ही गरजांचा तोल सांगतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, ही गोष्ट मुलांना सहसा पटत नाही, कारण हवा म्हणजे वरची, पानांभोवतीची, असे त्यांच्या मनात असते. पण सतत आठ दिवस पाऊस लागला की वावरातली पराटी पिवळी पडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. ‘पाणी बसले’ असे घरचे म्हणतात. त्या दोन शब्दांपासून धडा सुरू करणे सोपे आहे. नैसर्गिक शेतीच्या प्रचारामुळे 2016 मध्ये पद्मश्री मिळालेले सुभाष पाळेकर हे अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांच्या मांडणीतही वाफसा हा एक आधारस्तंभ आहे. त्यांच्या शेतीपद्धतीबद्दल मतभेद असू शकतात, पण हा शब्द देशभरच्या शेतकऱ्यांपर्यंत गेला, याचे श्रेय त्यांचे. तो तिसरीच्या वर्गापर्यंतही यायला हवा.

‘पाणी’ या उत्तरापुढचा दुसरा प्रश्न, कसले पाणी, हा तर अकोला-अमरावतीचा खास प्रश्न. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. त्याचे क्षेत्र साडेचार लाख हेक्टरांहून अधिक. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. त्याने पीक भिजवले तर जमीन बिघडते आणि झाडाला पाणी असूनही पिता येत नाही. भोवतीच्या पाण्यात क्षार जास्त असले की मुळांना ते ओढून घेणे जड जाते. माणसांचीही तीच गत. म्हणून तर अकोटच्या बाजूला वान धरणाचे पाणी आणणारी 84 खेडी योजना उभी राहिली. या गावांतल्या मुलाला ‘वनस्पतींना पाणी लागते’ हे वाक्य अपुरे आहे, हे पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याला एवढे कळते की विहीर भरलेली असली तरी वावर कोरडवाहूच असते. हे का, याचा उलगडा वर्गात व्हायला हवा. त्यासाठी दोन कुंड्या, मूठभर मूग आणि दोन तऱ्हेचे पाणी पुरेसे आहे.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात तर गंमत आणखी वाढते. तिथले बागायतदार झाडाला मुद्दाम पाणी तोडतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात आणि आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्याच्या तोंडी पाणी थांबवायचे. झाड थोडे सुकते, पाने मलूल होतात, काही गळतात. मग पाणी मिळाले की ते फुलांनी लदबदते. भारी जमिनीत ताण जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी. ताण अती झाला तर झाड जायचे आणि कमी पडला तर बहार फुटायचा नाही. झाडाला पाणी हवेच, पण ते रोज आणि सारखेच हवे असे नाही. मोर्शीच्या मुलाला हे घरी कळते. त्याने चाचणीत तसे लिहिले तर गुण कापले जाण्याची शक्यता जास्त.

प्रकाशाचा धडा देवघरात असतो. नवरात्रात घट बसतात, पत्रावळीवरच्या मातीत धान्य पेरले जाते आणि नऊ दिवसांत ते टीचभर वाढते. पण ते पिवळे असते. अंधाऱ्या देवघरात उजेड मिळत नाही म्हणून पानांत हिरवा रंग तयार होत नाही आणि उजेडाच्या शोधात रोपे लांब, लेचीपेची होतात. दसऱ्यानंतर त्यातली चार रोपे वर्गाच्या खिडकीत ठेवून पाहिली तर काही दिवसांत ती हिरवी होऊ लागतात. मटकी, घट आणि खिडकी या तिन्ही गोष्टी एका ओळीत मांडल्या, की ‘केव्हा’चे उत्तर मुलांना स्वतःच सापडते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि निधीही लागत नाही.

प्राण्यांच्या बाबतीत वऱ्हाडाजवळ पोळा आहे. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून शेकतात, पोळ्याच्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत आणि पुरणपोळी खाऊ घालतात. चारा, पाणी, सावली, आराम आणि दुखऱ्या खांद्यावर उपचार अशी जनावराच्या गरजांची यादी एका सणातच येते. पाठ्यपुस्तकात न सापडणारा ‘आराम’ही तिच्यात आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मिळवतात. अमरावती शहरातल्या कितीतरी मुलांना आता फक्त हाच बैल माहीत आहे. लाकडी बैलाला कडबा लागत नाही. खेड्यातही ट्रॅक्टर आला आणि कोठे रिकामे झाले. म्हणजे घरी मिळणारे जे ज्ञान शिक्षक गृहीत धरू शकत होता, ते आटत चालले आहे. हा विषय लवकर आणि नीट शिकवण्याची निकड त्यातूनच वाढली आहे.

वऱ्हाडातल्या प्राण्यांचा धडा नेहमी गोड नसतो. रोही आणि रानडुकरे पिकात घुसतात आणि घरातला कर्ता माणूस रात्रभर जागलीला जातो. ‘प्राण्यांना अन्न लागते’ या वाक्याचा त्या घरातला अर्थ वेगळा आहे. रोह्याला चरायला माळ उरला नाही म्हणून तो तुरीत येतो, हे मुलाला समजावताना बापाचे झालेले नुकसान खोटे ठरवता येत नाही. पुस्तक या पेचाला हात लावत नाही. शिक्षकाने तो टाळला तर मुले घरी ऐकलेले तेवढेच खरे मानतात.

मेळघाटात हा पेच आणखी खोल जातो. 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. वाघाला शिकार, पाणी आणि माणसाची वर्दळ नसलेले मोठे जंगल लागते. त्यासाठी बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलाबाहेर हलवण्यात आली आणि त्यांच्या जागी गवताळ कुरणे उभी राहिली. वाघाच्या निवाऱ्याची गरज शिकणाऱ्या कोरकू मुलाचे स्वतःचे घर त्याच गरजेपायी हललेले असू शकते. शिवाय त्याची मातृभाषा कोरकू आणि पुस्तक मराठीत. ज्या झाडाला तो एका नावाने ओळखतो, ते पुस्तकात दुसऱ्याच नावाने येते. सिपना नदीच्या नावातच कोरकू भाषेतला साग आहे. झाडांची, प्राण्यांची कोरकू नावे फळ्यावर मराठी नावांच्या शेजारी लिहिली, तर हा वर्ग दुप्पट वेगाने पुढे सरकेल. याच मेळघाटाचे नाव नव्वदच्या दशकात बालकांच्या कुपोषणामुळे देशभर पोचले, हेही विसरून चालत नाही. ‘सजीवांना अन्न लागते’ हे वाक्य तिथे फळ्यावर लिहिताना मध्यान्ह भोजनाचे ताट आणि शाळेची परसबाग हेच त्याचे पहिले साहित्य असायला हवे.

गरज भागली म्हणजे सगळे बरे, असेही नाही. अकोल्याच्या मोर्णा नदीत सांडपाण्यातून येणाऱ्या पोषक द्रव्यांवर जलकुंभी फोफावली आणि पात्र झाकून गेले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीला हवे ते सारे इथे मिळाले. खालच्या पाण्यातल्या जिवांचा मात्र उजेड आणि ऑक्सिजन गेला. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरले आणि त्या मोहिमेचा उल्लेख पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही झाला. एका सजीवाची गरज अती भागली तर दुसऱ्याचे काय होते, याचा याहून जवळचा दाखला अकोल्याच्या मुलाला मिळणार नाही.

मग हे सारे होत का नाही? शिक्षकाला येत नाही म्हणून, हे उत्तर अर्धवट आहे. जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, कागदपत्रांचा ढीग असतो आणि वर्गाबाहेर नेलेल्या मुलांची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. दुसरी अडचण ऋतूची. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. विदर्भातल्या शाळा त्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. सजीवांच्या गरजा सर्वांत ठळक दिसतात त्या उन्हाळ्यातच. पाखरे पाण्याच्या भांड्यावर येतात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मेळघाटातल्या पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांच्या नोंदी घेतो. नेमके तेव्हा वर्ग बंद असतात. हौसेने लावलेली शाळेची बागही त्या दीड-दोन महिन्यांत वाळून जाते.

राज्यात 2025-26 पासून पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत आहे. नव्या पुस्तकांत चित्रे सुंदर असतील, कृतीही असतील. पण चाचणीतल्या तीन रिकाम्या जागा तशाच राहिल्या तर फार फरक पडणार नाही. ‘काय लागते’ या प्रश्नाखाली ‘किती, केव्हा आणि कसले’ असा एक उपप्रश्न आला आणि त्याला गावागणिक वेगळे उत्तर चालेल अशी मुभा शिक्षकाला मिळाली, तर पुस्तक न बदलताही हा विषय जिवंत होईल. सध्याच्या अभ्यासक्रमातली उणीव एवढीच आणि ती भरून काढणे जिल्ह्याच्या पातळीवरही शक्य आहे.

तोवर अमरावती-अकोल्याच्या शिक्षकांना एक विनंती. जूनच्या अखेरीस शाळा उघडेल तेव्हा शिवारात पेरणीची लगबग असेल. पहिल्या आठवड्यात मुलांना शाळेजवळच्या वावराच्या धुऱ्यावर न्यावे आणि प्रत्येकाला मूठभर मातीचा लाडू करून सोडायला सांगावे. कोणाचा फुटला, कोणाचा नाही, ते वहीत लिहून घ्यावे. परतल्यावर दोन कुंड्यांत मूग पेरावेत. एकीला नळाचे पाणी घालावे आणि दुसरीला गावच्या खाऱ्या विहिरीचे. जिथे विहीर गोडी आहे तिथे पाण्यात चमचाभर मीठ टाकावे. पंधरा दिवस रोज रोपांची उंची मोजायला एक पट्टी लागेल. बाकीचे साहित्य गावात आहेच.